तीन कोटांचे अस्तर

मी, खाली सही करणारी, धंद्याने गोधड्या शिवणारी, जिला ओळखीचे सगळे काकू म्हणतात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. सुईत दोरा अजून मीच ओवते, चष्मा लावून का होईना. कोणाचे दडपण नाही, फक्त हे ज्याला कळू नये त्याला कळू नये म्हणून शिवणखोलीची कडी आतून लावली आहे. माझ्या सहीचा दुसरा कुठला कागद पुढे कोणी काढला, तर तो खोटा समजावा.

कलम एक, घराबाबत. चष्म्याच्या दुकानावरचे हे घर माझ्या यजमानांनी घेतले आणि ते गेल्यावर माझ्या नावावर झाले. ते माझ्या पुतण्याला, म्हणजे थोरल्या दिरांच्या मुलाला, मिळू नये. भाऊजी वारले तेव्हा तो बायकोला घेऊन ‘काकूंना सोबत’ म्हणून इथे आला आणि इथलाच झाला. घर निवडबाईला द्यावे. निवडबाई म्हणजे जुन्या कपड्यांच्या गोदामात लांब टेबलाशी उभी राहून कपडे निवडते ती.

कलम दोन, कापड आणि अवजारे. शिलाई मशीन आणि मोठी कात्री निवडबाईलाच. तिला शिकवायला नको, पण तिच्या हाताखाली जी कोणी येईल तिच्यासाठी लिहून ठेवते. गोधडीला दुकानातले नवे कापड लागत नाही. अंगाने थोराड असलेल्या पुरुषांचे सुती शर्ट घ्यावेत, पाठीचा तुकडा मोठा निघतो. बगल आणि कोपर बघू नये, ती गेलेलीच असतात. चादर उजेडासमोर धरावी, मधोमध विरली असेल तर कडा वापराव्यात. पडदे घेताना घडीवर बोट फिरवावे, उन्हाने तिथेच दगा दिलेला असतो. ताणणारे कापड फुकट मिळाले तरी घेऊ नये. आणि कोट लोकरीसाठी नव्हे, अस्तरासाठी घ्यावा. जुन्या कोटाचे अस्तर गोधडीच्या आतल्या थराला बसते तसे दुसरे काही बसत नाही, आणि लोकांना त्याची किंमत नसल्यामुळे ते स्वस्तात सुटते.

माझा पुतण्या या सगळ्याला चिंध्या म्हणतो. नाक मुरडून म्हणतो, “काकू, त्या चिंध्या आणता कुठून हो?” आणि उत्तर ऐकायला थांबत नाही. थांबला असता तर बरे झाले असते, त्याच्या दृष्टीने.

कलम तीन, पुतण्याला काहीच का नाही. तो लहानपणापासून उतावळा. महिना संपायच्या आत कॅलेंडरचे पान फाडणार, जेवणारा अजून पाटावर असताना त्याचे ताट उचलणार. मी याला पूर्वी हसत असे.

आमच्या घरच्या प्रत्येक कोटाचा आतला खिसा मी बदललेला आहे. यजमानांचा एक हिरव्या रेघांचा शर्ट होता, तो मी कधी गोधडीत घातला नाही. त्याचेच तुकडे खिशांना लावले. गेल्या वर्षी, थंडी तोंडावर आलेली असताना, निवडबाईने माझ्यासाठी बाजूला ठेवलेल्या ढिगात भाऊजींचा काळा कोट आला. खिसा उलटला तर हिरव्या रेघा. भाऊजी तेव्हा थोडे खोकत होते, बाकी चालतेबोलते होते. मी पुतण्याला विचारले. तो म्हणाला, “अहो, बाबांना नवा घेतोय ना. तो जुना कुठवर वापरणार?” मला पटले. नवा कोट आलाच नाही. त्यांना त्याची गरज पडण्याआधीच ते गेले.

या महिन्यात त्याच टेबलावर माझा तपकिरी कोट आला. माझ्या पेटीच्या तळाशी असायला हवा होता तो.

पुतण्याने हुशारी केली होती. कोट त्याने पुलापलीकडच्या एका लहानशा दुकानात नेऊन विकले, हे निवडबाईने शोधून काढले. पण लहान दुकानांत जे खपत नाही ते सगळे शेवटी एकाच गोदामात जाते, आणि गोदामातले अस्तर एकाच बाईकडे. चिंध्यांची चौकशी न करणाऱ्याला हे कुठून ठाऊक असणार? घरातल्या माणसाला येता हिवाळा दिसणार नाही, हे ज्याने मनात पक्के केले आहे तोच ऐन थंडीच्या तोंडावर त्याचा कोट विकतो. माझ्याकडे पुरावा म्हणाल तर एवढाच. तो रोज संध्याकाळी मला दुधाचा पेला आणून देतो आणि मी पिईपर्यंत दारात उभा राहतो. हल्ली मी म्हणते, “गरम आहे रे, निवू दे,” आणि तो कंटाळून गेला की मोरीत ओतते. मला भीती वाटते. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

कलम चार, सूनबाई, म्हणजे पुतण्याची बायको. तिला माझी तुटक्या कानाची कढई द्यावी, कान तिनेच तोडला. ही बाई घरात मांजरासारखी वावरते, काही विचारले की नवऱ्याच्या तोंडाकडे बघते. पेटीची किल्ली कुठे असते हे तिलाच माहीत होते. माझा कोट तिनेच काढून दिला असणार. आणखी काही देऊ नये.

कलम पाच, माझा देह. मी अचानक गेले तर भाऊजींच्या वेळी ज्यांनी दारातूनच बघून कागदावर सही केली, त्या डॉक्टरांना बोलावू नये. परका डॉक्टर आणावा, पोलिसांना कळवावे आणि माझे पोट तपासावे. बँकेतली शिल्लक आधी त्या खर्चाला वापरावी. भाऊजींच्या आणि माझ्या कोटाच्या अस्तराची गोधडी मी शिवली आहे, ती पुतण्याला द्यावी. वरून फार सुरेख दिसते. आत काय आहे ते हे मृत्युपत्र वाचून झाल्यावरच सांगावे.

इथवर लिहून मी साक्षीदारांना बोलावले. त्यांच्या पाठोपाठ निवडबाई जिना चढून आली. काखेत पुडके होते. म्हणाली, “काकू, हा बघा. आजच आला. मला धीर धरवेना.”

निळा कोट, बायकी, अजून नवाच म्हणावा असा. खिशात हिरव्या रेघा. गेल्या हिवाळ्यात तोंड वाकडे करत मीच लावलेल्या.

म्हणून कलम सहा. कलम चार रद्द. त्यातला शब्दन् शब्द मी मागे घेते. मी सूनबाईला हाक मारून आत घेतले आणि कोट तिच्या मांडीवर ठेवला. तिने खिसा उलटून रेघांवरून बोट फिरवले आणि म्हणाली, “काकू, मला वाटलं मीच कुठंतरी विसरले. पेटीची किल्ली त्यांनी मागितली, मी दिली. मला आठवडाभर चक्कर येतेय. ते म्हणतात, तू दूध पीत जा.”

शिवाय कलम एक बदलते. निवडबाईने स्वतःहून सांगितले, “घर हिला द्या. मला शिवणखोली पुरे.” त्याप्रमाणे घर सूनबाईला आणि शिवणखोली निवडबाईला, दोघी हयात असेतोवर. मी जगले तर तिघी राहू. आज रात्री सूनबाई निवडबाईकडे जाईल, मीही तिच्याबरोबर जाणार आहे, आणि सकाळी सगळ्याजणी पोलीस चौकीत. सूनबाईने कोट अंगात घातला आहे. खोलीत उकडते आहे, तरी काढायला तयार नाही.

दारावर थाप पडते आहे. “काकू, दूध आणलंय,” म्हणतो. “आणि ती आत आहे का? तिचंही आणलंय.”

वरील मजकूर लिहिणारीने आमच्यासमोर वाचून दाखवला आणि आमच्यासमोर सही केली. आम्हाला यातून काही मिळणार नाही.

साक्षीदार पहिला: खालचा चष्मेवाला (सही)
साक्षीदार दुसरी: चष्मेवाल्याची बायको (सही)
लिहून देणार: काकू (सही)

ठिकाण: शिवणखोली, कडी लावलेली.
दिनांक: भिंतीवरच्या कॅलेंडरवरून घालणार होते, पण या महिन्याचे पान आधीच फाडलेले आहे. चष्मेवाल्यांनी सांगितली ती घालते, एकवीस ऑक्टोबर.