आत्याचा फंड बाजारात

३ मार्च
ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे नवे फंड कुत्र्याच्या छत्र्यांसारखे का उगवताहेत, असं तू विचारतेस. मीसुद्धा तोंडात बोटं घालून बघतोय. शेअरसारखे दिवसभर बाजारात घेता-विकता येणारे हे फंड. कंपन्या निवडायला माणूस नाही, ठरवून दिलेला नियम निवडतो, म्हणून खर्च नावापुरता. परवानगीला पूर्वी वर्ष जायचं, आता काही आठवडे. शिवाय शेजारच्या कंपनीनं काढला की आपल्यालाही काढावाच लागतो, नाहीतर गिऱ्हाईक तिकडे. या महिन्यात आमच्या ऑफिसच्या एकाच मजल्यावरून चार निघाले.

आता खरं सांगतो. तू निवृत्तीपर्यंत सांभाळलेला फंडही आम्ही याच रूपात आणतोय आणि ते काम माझ्याकडे आलंय. दुसऱ्याकडून कळू नये म्हणून लिहिलं.

रागावलीस तरी लोभ तेवढा राहू दे.
तुझा भाचा

११ मार्च
चि. भाच्यास,
अ. उ. आ.

रागावले, दोन दिवस. मग दवाखान्यात नंबर लावून बसले होते, तर तिथल्या परिचारिकेनं चहा पिता पिता फोनवर असलाच एक फंड घेतला. माझ्या वेळी फॉर्म, चेक आणि भाव कळायला रात्र व्हायची. थक्क झाले रे. आम्ही बड्या लोकांसाठी राखून ठेवलेली झटपट खरेदी-विक्री तिच्या मुठीत होती, आणि तिला त्याचं काही वाटतही नव्हतं.

काळजी एकच. बाजार पडला की लोक मला पत्रं लिहायचे, चार शिव्याही घालायचे. मी एकूण एक पत्राला उत्तर द्यायचे. हिनं टपालखात्याशीच लग्न केलंय, असं घरचे म्हणायचे. तुमच्या नियमाला कोण लिहिणार?

वेळेवर जेवत जा. माया आहे ती आहेच.
तुझी आत्या

२९ एप्रिल
ती. आत्यास,
शि. सा. न.

फंड निघाला. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच नियमानं तू निवडलेल्या कंपन्यांची उलथापालथ केली. आम्ही सगळे पडद्यासमोर बघत उभे होतो. परवा बाजार आपटला, तेव्हाही नियम तसूभर हलला नाही.

फोन मात्र थांबेनात. एका निवृत्त शिक्षिकाबाईंना तुझ्याशीच बोलायचं होतं. तू आता नसतेस म्हटल्यावर त्यांनी विचारलं, मग तिथे कोण आहे? नियम कसा चालतो ते मी समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच विचारलं.

मी माझं नाव सांगितलं. सावकाश सांगा, लिहून घेते, म्हणाल्या.

तुझ्या आशीर्वादावर असलेला,
भाचा