धुक्यातला काठ

३ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न.

मी सुखरूप आहे, आधी एवढं वाच आणि मग बस. काल सकाळी दाट धुक्यात इथली फेरीबोट उलटली. मी वर्कशॉपात दुरुस्तीला आलेली इंजिनाची होडी तशीच पाण्यात लोटली. काठावर मात्र शंभरेक माणसं डोळे मिटून प्रार्थना म्हणत उभी! कोपऱ्यावरच्या पाववालीचा नवरा बोटीत होता. तीच सगळ्यांना म्हणायला लावत होती. मी तिच्यावर ओरडलो, की देवाला नंतर बोलवा, आधी दोर आणा. रागावू नकोस, पण तुझी प्रार्थनेची वही आठवली आणि तुझाही राग आला.

लोभ आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

९ डिसेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

रागाव बाबा, मोठ्या बहिणी असतात कशाला! आईच्या उशाशी मी वही घेऊन बसायचे, तेव्हा ती बरी होईल असं मला एकदाही वाटलं नाही. हाताला दुसरं काही काम नव्हतं, एवढंच. उपयोग विचारशील तर मला सांगता येणार नाही. पण इतक्या धुक्यात तू परत कसा आलास? खरं लिही. आणि वेळेवर जेवत जा.

तुझी काळजी करणारी,
ताई

१५ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न.

नेमकं तेच मी लिहायचं टाळलं होतं. सहा जणांना होडीत घेतलं आणि पाहतो तर चहूकडे नुसतं पांढरं. पाणी कुठे संपतं, हवा कुठे सुरू होते, कळेना. झोपेत तरंगतोय असं वाटलं. हाका ऐकू याव्यात म्हणून इंजिन बंद केलं. ऐकू आली ती प्रार्थना, कापसातून झिरपल्यासारखी. तिच्या रोखाने वल्हवत काठाला लागलो.

पाववालीने सहाही चेहरे पाहिले. तिचा नवरा त्यांत नव्हता. आवाजावरून वाट सापडली, एवढंच मी कसंबसं सांगितलं. ती मटकन खाली बसेल असं वाटलं; पण ती पाण्याकडे वळली आणि पुन्हा म्हणू लागली. आत धुक्यात, माणसं शोधायला गेलेल्या अजून दोन होड्या होत्या. दोन्ही आल्या. तो आला नाही.

काल माफी मागायला गेलो. तिचा गळा अजून बसलेलाच आहे. म्हणाली, तुमच्या होडीनंतर मी देवाकडे काही मागितलंच नाही. शब्दही आठवत नव्हते. त्या दोन होड्यांना काठ कळावा म्हणून नुसता आवाज काढत राहिले.

माझ्यावरची माया अशीच असू दे.
तुझा धाकटा