अर्ध्या खोलीचा नकार

प्रिय ताईस, सप्रेम नमस्कार.

शाळेत रोज सकाळी सिस्टर आपली नखं तपासायच्या आणि तू माझ्या पाठीमागे लपून तुझी दातांनी कुरतडायचीस, आठवतं ना? (गुडघे कसे आहेत? तेल लावतेस का?) परवा मला कुणीतरी तसंच तपासलं आणि मी नापास झाले. या वयात!

सगळा दोष तुझ्या जावईबापूंचा. वाढदिवसाला माणसं शाल देतात. त्यांनी मला गरीब वस्तीची सहल दिली, तीही जेवणासकट. पुढे छत्री उंच धरलेला गाईड, मागे आम्ही पाहुणे. गल्ली इतकी अरुंद, की समोरून कुणी आलं की पोट आत घ्यायचं. दारोदार बायका पर्सचे पट्टे शिवत होत्या आणि आमच्यातले एक गृहस्थ त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढत होते. मी त्यांना चांगलंच झापलं. लाज वाटत होती ग, आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. (त्याचाच जास्त राग आला.)

तेवढ्यात एका उघड्या दारातून मीच डोकावले. आत लखलखीत पातेली आणि माझ्याच वयाची एक बाई. "या, कधीची वाट बघतेय," म्हणाली. मला वाटलं, हेही सहलीतच असेल. बसले, चहा घेतला, पाणी कधी येतं, मोरी कुठे, सगळं विचारलं. तीही विचारत गेली: घरी कोण, मुलं कुठे. मी आपली सांगत सुटले (आमच्या ह्यांच्या शेवटच्या आजारपणापासून सगळं). शेवटी तिने मान हलवली. "नाही हो बाई, तुमचं जमायचं नाही. तुम्हाला एकटीनं झोपायची सवय. मी कूस बदलली तरी जाग्या व्हाल."

तेव्हा उलगडा झाला. तिला अर्ध्या खोलीत भाडेकरू हवी होती आणि मी खोली बघायला आले आहे असं ती समजली होती! मला शोधत दाराशी आलेला गाईड हसला, ते फोटोवाले हसले. चार खोल्यांच्या मालकिणीला अर्ध्या खोलीचा नकार! वर समजूत काढते, "वाईट वाटून घेऊ नका, मिळेल कुठेतरी." कुठेतरी म्हणजे?

तुझी संतापलेली,
धाकटी

ता. क. मला ती खोली नकोच आहे. पण तिने नकार मागे घेतलाच पाहिजे. त्यासाठी मी पुन्हा जाऊन आले. (सहलीशिवाय.) ती म्हणते, ओळखीच्या कुणी हमी दिली तर बघू. तेव्हा मी गप्प झोपते, लाथा मारत नाही, असं सहीनिशी लिहून पाठव.

आणखी एक. समजा ती हो म्हणालीच, तर काचेची भांडी तुझ्या लेकीला. कपाट शेजारणीला. जेवणाचं मोठं टेबल सगळ्या खुर्च्यांसकट जावईबापूंना. त्यावर महिनाभर एकट्यानं जेवून बघा म्हणावं. पलंग मात्र अजून कुणाला देऊ नकोस. मी लाथा मारते की नाही, मला तरी कुठे ठाऊक आहे? इतक्या वर्षांत सांगायला शेजारी कुणी नव्हतंच.