नदीला लावलेलं फाटक

९ फेब्रुवारी

चि. खारूताई,

अनेक आशीर्वाद. इकडचं सगळं ठीक, तुझंही तसंच असावं. आईची तब्येत चांगली आहे, म्हणजे माझ्यावर ओरडण्याइतकी चांगली आहे. वर्कशॉप चालू आहे. वेल्डर अजून कामावर गाणी म्हणतो आणि अजून एकही सुरात लागत नाही.

फोन सोडून पत्र का, असं वाटेल तुला. फोनवर तू "हं" म्हणतेस आणि मला त्या एका "हं"चे चार अर्थ ऐकू येतात. त्यातले तीन माझ्या विरुद्ध असतात. तुझे मेसेज आई वाचून दाखवते, पण मधलं गाळते. वाचताना तिचा श्वास अडखळतो, तिथे गाळलंय हे मला कळतं. मी स्वतः वाचावं तर तो पडदा फार चमकतो. त्यापेक्षा कागद बरा. ओळी चढावर गेल्या तर कागदच वाकडा धरला होता असं समज.

हे पत्र बाप म्हणून लिहीत नाही, नदीकाठ मंडळाचा अध्यक्ष म्हणून लिहितोय. तुला माहीत आहे तेच थोडं पुन्हा येईल, कारण आपले चिटणीस मास्तर म्हणतात, मुद्दा पहिल्यापासून मांडावा. रिटायर झाले तरी खडू सुटत नाही त्यांचा.

तर पहिल्यापासून. पुलापासून जुन्या पंपाच्या खोलीपर्यंतचा काठ नगरपालिकेचा, म्हणजे सगळ्यांचा. तिथे शेळ्या चरायच्या, कपडे वाळायचे, गळ टाकून माणसं दुपार घालवायची. मग ट्रकवाले येऊन पाडलेल्या घरांचा राडारोडा ओतायला लागले. तू चार लोक जमवलेस, ट्रकसमोर उभी राहिलीस, मंडळ निघालं. पुढे गेल्या वर्षी आपल्या वर्कशॉपात बैठक झाली आणि मी म्हटलं, फाटक लावू, कुलूप घालू, माझ्याकडून फुकट. तू उठलीस आणि म्हणालीस, "बाबा, कुलूप लावलं की ते मोकळं कसं राहील?" हात वर झाले तेव्हा तुझा एकटीचा खाली होता. त्यानंतर तू नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेलीस. नोकरीसाठी गेलीस असंच मी सगळ्यांना सांगतो. लोक ऐकून घेतात.

ट्रक मात्र बंद झाले, हे कबूल कर.

आता नवीन बातमी. नगरपालिका तो काठ एका कंपनीला भाड्याने द्यायला निघाली आहे. गाड्यांचा तळ आणि मागे क्लब. क्लबाच्या सभासदांना नदी दिसेल, बाकीच्यांना सभासद दिसतील. सुनावणी पुढच्या महिन्यात आहे. नियम असा, की जिथे लोकांची अखंड वहिवाट आहे ती जागा अशी देता येत नाही. मास्तर खुशीत आहेत. म्हणतात, आपली वहिवाट तर बापजाद्यांपासूनची, त्यात सिद्ध काय करायचं?

तू सुरुवातीला काठावर फोटो काढले होतेस. ते हवे आहेत. नुसते फोटो पाठवलेस तरी चालेल. पत्र लिहायला वेळ नसला तर नसू दे.

मंडळाचा अध्यक्ष (आणि जमेल तेव्हा)
तुझा बाबा


६ मार्च

चि. खारूताई,

आशीर्वाद. फोटो मिळाले. सोबत काही नव्हतं. लिफाफा झटकून पाहिला, आतून काही पडलं नाही. असो, फोटो चांगले आहेत असं सगळे म्हणाले.

सुनावणी झाली. जसं झालं तसं सांगतो, तिखटमीठ तू लाव.

मी मुद्दाम मागच्या बाकावर बसलो. पुढच्या बाकावर बसलं की फक्त सुनावणी घेणारे साहेब ऐकू येतात, मागे सगळी सभा ऐकू येते. कंपनीच्या वकिलाने एक भलामोठा फोटो उभा केला. कशाचा ते मास्तरांच्या कण्हण्यावरून कळलं. फाटकाचा. आणि माझ्या प्रत्येक फाटकावर असते ती वर्कशॉपच्या नावाची पत्र्याची पाटी त्यात ठळक आलेली. आयुष्यभर त्या पाटीची जाहिरात व्हावी म्हणून धडपडलो, झाली ती इथे.

वकील फार गोड बोलत होता. गोड आवाजाच्या माणसाला मी नेहमी आगाऊ रक्कम मागतो. त्याने मास्तरांना विचारलं, "या कुलपाची किल्ली कुणाकडे असते?"

मास्तर छाती काढून म्हणाले, "माझ्याकडे! अगदी शिस्तीत देतो. नाव विचारतो, वेळ विचारतो, अंधार पडायच्या आत परत घेतो."

"म्हणजे तुम्हाला विचारल्याशिवाय काठावर कुणालाही जाता येत नाही?"

"छे! कुणालाही नाही!"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. टक्. त्या आवाजावर मी समजलो की आपण गेलो. मास्तरांना समजायला बराच वेळ लागला. ते तोवर अभिमानाने उभेच होते.

मग आपली साक्षीदार, शेळीवाली मावशी. मास्तरांनी तिला घरी बसवून पढवलं होतं. वकिलाने विचारलं, "तुम्ही रोज काठावर जाता ना?"

"जात होते."

"आता नाही जात?"

"आता किल्ली मागावी लागते. नदीवर जायला मी मास्तरांच्या दारात उभी राहू? ते म्हणतात, आधी चपला बाहेर काढा. मी काढीन हो, शेळ्यांनी काय काढायचं?"

सगळी खोली हसली. आपल्या बाजूचे बाक जरा जास्तच हसले. मावशी खोटं बोलली नाही, त्यामुळे तिच्यावर रागावायची सोय नाही. मास्तरांनी ती सोय तरीही करून घेतली. बाहेर आल्यावर म्हणाले, "तुम्हाला काय सांगितलं होतं?" ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं ते आठवलं असतं तर शाळा नसती का शिकले?"

त्या गडबडीत मी जिन्याखाली उभा होतो. कंपनीचा मॅनेजर वरच्या पायरीवर वकिलाला हळूच म्हणाला, "त्या फाटकाला कुणी हात लावू नये, फक्त पाहणी होईपर्यंत." साहेब महिनाअखेरीस स्वतः जागा पाहायला येणार आहेत.

दोन दिवसांनी तोच मॅनेजर वर्कशॉपात आला. खुर्ची ओढून बसला. "फाटक काय सुंदर केलंय हो! आमच्या सगळ्या इमारतींच्या खिडक्यांचं काम तुमच्याकडूनच करून घ्यावं म्हणतो." माझ्या फाटकाची तारीफ करणाऱ्याला मी आजवर कधी नाही म्हटलेलं नाही, म्हणून तोंड बंद ठेवलं. तो गेल्यावर वेल्डर म्हणाला, "शेठ, एवढं काम मिळालं तर दुसरा पंखा घ्या." मी म्हटलं, आधी तुझं गाणं बंद कर, निम्मा उकाडा तिथेच जाईल.

त्यानंतर मी काठावर जाऊन आलो. पाऊलवाट बरीचशी गेली आहे. पूर्वी डांबरासारखी घट्ट होती, आता पायाखाली सगळं गवत लागतं. वर्षभरात एवढं वाढलं. ट्रक थांबवायला निघालो आणि माणसं थांबवली, असं तू म्हणशील. म्हण. मी ऐकून घेतोय असं धर.

सुताराचं मन बाभळीपाशी, तसं माझं फाटकापाशी. दुसऱ्या कुणी सुचवलं असतं तर मी नफातोटा पाहिला असता. स्वतःचीच सूचना, त्यातून फुकट, मग कोण तपासतो?

आई तुला माझ्या कपाळाबद्दल सांगेल. ती कुठलीही गोष्ट वाढवून सांगते. फाटक अर्धवट उघडं होतं, लागलं, एवढंच.

तुझा बाबा


३० मार्च

चि. खारूताई,

आशीर्वाद. अक्षर ओळखीचं वाटणार नाही. मी सांगतोय आणि वेल्डर लिहितोय. माझा हात दुखतो. (ताई, शेठचा हात दुखत नाही. – वेल्डर) काय लिहिलंस रे? वाच. बरं, राहू दे. शेवटी लिहायचंच होतं.

आधी मंडळाचं. मी बैठक बोलावली आणि म्हटलं, फाटक काढायचं. मास्तर ताडकन उठले. "मग ट्रक? ट्रक आले तर तुम्ही आडवे पडणार?" मास्तरांचं चूक नव्हतं. माझ्याकडे उत्तरही तयार होतं, म्हणूनच बैठक बोलावली होती. उत्तराशिवाय बैठक बोलावणारा मी नव्हे. त्याच फाटकाचे पाइप घ्यायचे, वाटेच्या तोंडाशी जमिनीत उभे रोवायचे, थोडं थोडं अंतर सोडून. मधून माणूस जाईल, शेळी जाईल, ट्रक जाणार नाही. ना बिजागरी, ना कडी, ना कुलूप.

मास्तर खाली बसले. मग म्हणाले, "हे गेल्या वर्षी का नाही सुचलं?"

शेळीवाली मावशी म्हणाली, "गेल्या वर्षी त्यांची पोर बोलत होती ना, मग हे कशाला ऐकतील?"

हिला पुढच्या वेळी साक्षीला न्यायचं नाही असं मी ठरवलं आहे.

रविवारी सकाळी सगळे काठावर जमलो. कापायचं मीच, असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. मी उभं केलं, मीच आडवं करणार. वेल्डरने खांबावर खडूने खुणा केल्या आणि मशीन माझ्या हातात दिलं. मी चष्मा चढवला, वाकलो आणि विचारलं, "खूण कुठे केलीस?"

कुणीच काही बोललं नाही. शेळ्यासुद्धा चरायच्या थांबल्या असं वाटलं. तुला सांगतो, शांततेचेही प्रकार असतात. साहेबांनी टोपण लावल्यावरची वेगळी होती. ही अशी होती, की सगळे एकदम माझ्याकडे बघताहेत आणि मी बघत नाहीये. पांढरी खूण माझ्या नाकासमोर होती.

मग वेल्डरने माझं मनगट धरलं आणि पातं बरोबर जागेवर टेकवलं. म्हणाला, "इथं, शेठ." त्याच सुरात, जसा तो म्हणतो, इथं चहा ठेवलाय. पुढचं मी एकट्याने केलं. लोखंड तुटायला आलं की आवाज पातळ होतो, त्याला डोळे लागत नाहीत. फाटक पडलं तेव्हा मास्तरांनी टाळ्या वाजवल्या आणि मग आपण का वाजवल्या म्हणून गोंधळले. पाटी मी काढून घेतली, पाइप संध्याकाळपर्यंत वाटेच्या तोंडाशी रोवले. मॅनेजरचा निरोप आला होता, त्याला कळवलं की आमच्याकडे खिडक्या होत नाहीत. वेल्डरचा पंखा लांबला. (पंखा राहू द्या. – वेल्डर)

तर तेच. डोळ्यांचं. कडेकडेचं अजून दिसतं, मधलं गेलं आहे. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा नाही. आई सांगते त्याहून कमी आणि मी सांगतो त्याहून जास्त, असं डॉक्टरचं मत. एवढी वर्षं वेल्डिंगच्या ज्योतीत बघितलं म्हणून का, विचारलं. तो म्हणाला, वय. ऐकून बरं वाटलं, धंद्यावर आळ नको. तू गेलीस तेव्हा सुरू झालं होतं. तेव्हा सांगितलं असतं तर तू थांबली असतीस. डोळ्यांसाठी थांबली असतीस, आणि ते मला चालण्यासारखं नव्हतं. कपाळाला लागलं ते या फाटकामुळेच. माझ्या हातचं फाटक मी अंधारातही ओळखतो अशी माझी फुशारकी होती.

फाटक पडल्या दिवसापासून सगळे वाटेवर चालतात. मंडळाने पाळ्या लावल्या नाहीत. मास्तर लावणार होते, मावशीने त्यांना थांबवलं. शेळ्यांनी पहिलं काम केलं, मग कपडे आले, गळवाले आले. मीही रोज सकाळी एकटा जातो. गवत संपून घट्ट माती लागली की वाटेवर आहे, गवत लागलं की चुकलो. उजवीकडे पाणी वाजत असतं. याहून सोपा रस्ता या गावात माझ्यासाठी दुसरा नाही. तेव्हा मी काठ वाचवतोय असं कुणी म्हणालं तर त्यात स्वार्थ किती, हे तुला ठाऊक असावं.

साहेब परवा आले. दोन खांबांमधून शिरताना त्यांचं पोट अडलं, मावशी म्हणाली, "शेळीसारखं तिरपं व्हा." झाले. शेवटपर्यंत चालले, परत आले आणि लिहून घ्यायला सांगितलं की वाट खुली आहे, लोकांचा वावर आहे. काल निकाल आला, काठ भाड्याने द्यायच्या जागांतून वगळला. मास्तर म्हणतात जिंकलो. मी म्हणतो उसंत मिळाली. साहेबांबरोबर आलेल्या मॅनेजरने जाताना ज्या हळू आवाजात "ठीक आहे" म्हटलं, तसं हरलेली माणसं म्हणत नाहीत. तो पुन्हा येईल, वेगळा कागद घेऊन. तेव्हा वाट मळलेली पाहिजे.

मी तुला ये म्हणत नाही. डोळ्यांसाठी तर मुळीच नाही. आई आहे, हा बेसुरा आहे. मंडळाला मात्र अध्यक्ष हवा आहे. हात खाली ठेवू शकणारं माणूस असलं तर बरं, असा ठराव मी मांडला आणि या वेळी सगळ्यांचे हात वर गेले. म्हणजे वेल्डरने तसं सांगितलं.

सकाळी मी पंपाच्या खोलीजवळच्या सपाट दगडावर असतो. आलीस तर लांबून हाक मारू नकोस. नुसती चालत ये. तुझी डावी चप्पल लहानपणापासून घासते, बघू मला ओळखू येते का. फाटक नाही, किल्ली कुणाकडे नाही, कुणाला विचारायचं नाही.

खालची सही माझ्या हातची आहे. खाली घसरली असेल, तर या वेळी कागद सरळ होता.

तुझा
बाबा