उघड्या विटांचे पूर्ण घर

प्रति,
मा. बांधकाम परवाना अधिकारी,
नगर कार्यालय, दुसरा मजला.

विषय : गिलावा नसलेल्या घराला पूर्णत्वाचा दाखला व नळजोडणी मिळण्याबाबत (पाचव्यांदा).
संदर्भ : माझे चार अर्ज. उत्तर एकाचेही नाही.

महोदय,

१. मी तीस वर्षे गवंडीकाम करतो. पाडलेल्या गोदामाच्या विटा निवडून, घासून, स्वतःसाठी दोन खोल्या बांधल्या. विटांमधल्या दरजा चुन्याने भरल्या. दारे-खिडक्या बंद पडलेल्या शाळेच्या. गिलावा मुद्दाम केला नाही, कारण त्या भिंतींना त्याची गरज नाही. अभियंत्याने भिंती पक्क्या असल्याचे लिहून दिले आहे. तरी आपल्या नमुन्यात 'गिलावा झाला का?' असा रकाना आहे. तिथे 'नाही' आले की घर अपूर्ण, म्हणून दाखला नाही, म्हणून नळ नाही.

२. आपले निरीक्षक तीनदा येऊन गेले. तिसऱ्या खेपेला भर दुपारी आले, भिंतीला पाठ टेकून तासभर बसले, पंखा नसताना घाम वाळला. "गार आहे हो घर," म्हणाले आणि जाताना शेरा मारला : अपूर्ण. याला काय म्हणावे, साहेब?

३. सात महिने माझी बायको गल्लीच्या टोकावरून पाणी आणते आहे. आई अंथरुणाला खिळलेली, तिचे सगळे त्याच पाण्यावर. परवा बायकोची कंबर धरली. म्हणाली, "एकदाचा फासा तो गिलावा आणि सोडवा मला." सांगायला लाज वाटते, पण मी थापी हातात घेतली. तेवढ्यात आपला शिपाई निरोप घेऊन आला, की साहेबांच्या खोलीतल्या भिंतीला पुन्हा तडा गेलाय, गिलावा मारून द्या.

४. ती भिंत मी चांगली ओळखतो. अकरा वर्षांपूर्वी तिच्यात हात जाईल एवढी भेग होती. पाहुणे येणार आहेत, आधी झाका, असे तेव्हाच्या साहेबांनी फर्मावले आणि मी मुकाट्याने झाकली. ती माझी चूक. आपल्या कागदावर ती भिंत पूर्ण आहे. जन्मभर लोकांच्या भेगा लिंपल्या, स्वतःच्या घरात लिंपण्यासारखे काही ठेवले नाही, एवढाच माझा गुन्हा.

५. सबब, मी थापी खाली ठेवली आहे, दोन्हीकडची. माझ्या घराला आहे तसा दाखला व नळ द्यावा. आपली भिंत उतरवून नव्याने बांधायची असेल तर उद्या सकाळी येतो, झाकायला मात्र येणार नाही. तोवर आपली खुर्ची त्या भिंतीपासून हलवावी, ही कळकळीची विनंती.

अजून तरी आपला नम्र,
(सही)
गवंडी, शेवटच्या गल्लीतले उघड्या विटांचे घर
दिनांक : १७ मे

सोबत : अभियंत्याचा दाखला, चार अर्जांच्या पोचपावत्या.