पोळ्या निवून राहिल्या

बुऱ्हाणपूर,
कार्तिक शुद्ध अष्टमी, गुरुवार, ३० ऑक्टोबर २०२५

भगिनीसुत, भयरससम्राट चिरंजीव अनिकेत यास नंदूमामाचे सविनय नव्हे, पण सवयीने आशीर्वाद.

येथील सर्व क्षेम. तापी पात्रात आहे, केळीचे ट्रक रस्त्यात आडवे आहेत आणि मी नववी 'ब'च्या मस्तकांवर संस्कृत धातुरूपांचा अभिषेक करीत आहे. तिघांपैकी कोणीही जागचे हललेले नाही. तुला फोन न करता पत्र लिहितो, कारण फोनवर तू 'मामा, मीटिंगमध्ये आहे' असे म्हणतोस आणि पत्रास मीटिंगमध्ये बसता येत नाही.

तुझ्या महाचित्रपटाचे दर्शन रविवारी सहकुटुंब घेतले. 'सहकुटुंब' हे लेखणी जुन्या सवयीने लिहून गेली. मी आणि तुझी आई, असे वाचावे. मनीषा खकनारहून पहिल्या बसने आली, जरीची साडी नेसून, जणू लेकाचे लग्नच. पडद्यावर तुझे नाव येताच तिने माझा दंड असा काही आवळला की सबंध मध्यंतरापर्यंत तो बधिर होता. "दादा, आपल्या अन्याचं नाव! केवढं मोठं लिहिलंय!" तिचे डोळे भरून आले. माझे आले नाहीत, याची नोंद घ्यावी.

आता समीक्षा. तुझा मूळ लघुपट नऊ मिनिटांचा. आमच्याच घरी, भरदुपारी खिडक्यांना घोंगड्या लावून तू रात्र निर्माण केलीस. रमेशभाऊने शेजारचे आपले खडखडणारे यंत्रमाग बंद ठेवले, मोबदल्यात मावा जलेबी. कथानायकाची भूमिका अस्मादिकांची. तीही केवळ पाठमोरी, कारण माझ्या मुखावर भय उमटत नाही, अपचन उमटते, असे तुझे मत. लाइट जाते, माग थांबतात, आणि त्या निःशब्दतेत रिकाम्या स्वयंपाकघरातून मृत पत्नीची हाक येते. मग दुसरी येते. तिन्हीसांजेनंतर तिसऱ्या हाकेवाचून ओ देऊ नये, भूत दोनदाच हाक मारते, हा आपल्याकडचा नियम. नायक तिसरीची वाट पाहत राहतो. चित्रपट समाप्त.

हा नियम तुला कोणी सांगितला, हे श्रेयनामावलीत शोधत मी झाडूवाला येईपर्यंत बसून होतो. 'मूळ संकल्पना: अनिकेत' एवढेच आढळले. असो. तू हाकेसाठी लिहून आणलेले वाक्य तुला आठवते का? 'मी परत आले आहे, प्राणनाथ.' ते वाचून तुझी मामी पोळपाटावरच हसत सुटली होती. "असं कोण बोलतं रे, बाबा? बाई मेली तरी जेवायलाच बोलावेल ना!" आणि रोजच्याच आवाजात तिने हाक दिली होती, "ऐका हो, पोळ्या निवून राहिल्या." तू काकुळतीने तिसरी हाक मागत होतास. तिने ठाम नकार दिला. "ती मेली आहे ना? मग नियमानं चाल."

एवंगुणविशिष्ट कृतीस तुझ्या निर्मात्यांनी अडीच तासांचा देह दिला. आमच्या दोन खोल्यांच्या जागी झुंबरांचा महाल आला. एक मांत्रिक, दोन गीते आणि केशसंभार मोकळा सोडलेल्या अकरा स्त्रिया आल्या. हाका मोजणे मी सोडून दिले. भुतास कारण हवे, म्हणून पती विष देऊन पत्नीस मारतो, हेही तुम्ही जोडलेत. त्याचा परिणाम असा की सोमवारी चहाच्या टपरीवर रमेशभाऊ सर्वांदेखत म्हणाला, "गुरुजी, पिच्चरमधी तर तुम्हीच काकूले मारून टाकलं! आता तुमच्याकडे चहा प्यायचा का नाही?" टपरी गदगदून हसली. मीही हसलो, अन्यथा त्या बापड्याला आपण काय बोललो ते कळले असते.

परंतु हे सर्व क्षम्य आहे. लहान वस्तू मोठी करताना ती पातळ होते, हे वरण वाढवणाऱ्या कोणत्याही गृहिणीस ठाऊक असते. माझी तक्रार वेगळी आहे. ती लिहिण्यासाठीच मी कागद घेतला आणि दोन पाने तुझ्या झुंबरांवर खर्च केली.

महाचित्रपट येण्याआधी तुझ्या निर्मात्यांनी मूळ लघुपट यूट्यूबवरून काढून टाकला. करारच तसा, असे तू सांगितलेस. 'हा व्हिडिओ आता उपलब्ध नाही' हे वाक्य मी त्या सायंकाळी प्रथम वाचले. भाषा शुद्ध आहे. 'मामा, डाउनलोड कशाला करता? तिथे कायम राहतं,' असे तूच म्हणाला होतास, आणि 'कायम' या शब्दावर मी, शब्दांवरच उपजीविका करणारा मनुष्य, विश्वासलो.

तुला ठाऊक आहे, उषेला फोनवर बोलणे आवडत नसे. मिस्ड कॉल हाच तिचा संपूर्ण पत्रव्यवहार. आमच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये ती उखाणा घेते. ओठ हलतात, परंतु त्यावर व्हिडिओवाल्याने सनई चढवली आहे. म्हणजे गेल्या ज्येष्ठापासून, ती गेल्यापासून, या भूतलावर तिचा आवाज एकाच ठिकाणी होता, आणि ते ठिकाण तुझे होते.

मी रोज सायंकाळी ताट वाढून तो लघुपट लावीत असे. पहिल्या हाकेला हात धुवायचे, दुसऱ्या हाकेला पाटावर बसायचे. एवढेच. यात भयरस कुठेही नव्हता.

फोनवर तुला मी 'जरा तो जुना लघुपट पाठव, शाळेत दाखवायचा आहे' असे म्हणालो. ते असत्य होते. तू तत्परतेने पाठवलास. मी ताट वाढले, लावला. माझी पाठ दिसली. लाइट गेली, माग थांबले. आणि कोणी एक मधुरकंठी स्त्री, रेल्वेची वेळ सांगावी तशा सफाईने म्हणाली, "सुनिए जी, खाना ठंडा हो रहा है।"

निर्मात्यांना दाखवण्यासाठी आवाज बदलून घेतला होता, हे तू मागाहून कळवलेस. 'मामा, तोच सीन आहे, फक्त डबिंग वेगळं.' बाळ, त्या सीनमध्ये माझी पाठ, घोंगड्या आणि अंधार होता. उरलेले सगळे ती होती.

त्या दिवशी मी जेवलो नाही. पोळ्या खरोखरच निवल्या.

म्हणून एकच काम सांगतो. तुझा जुना लॅपटॉप शोध. मूळ ध्वनी त्यात असेल तर पाठव, चित्र नको. आणि पुसला गेला असेल तर 'पुसला' असे एका शब्दात कळव; माझ्या समाधानार्थ आणखी एखादी स्त्री माझ्या स्वयंपाकघरात पाठवू नकोस. तिसरी हाक मी मागत नाही. नियम मला माहीत आहे. मला त्या दोनच हव्या आहेत.

तुझ्यावर लोभ आहे. तो आटू नये, एवढी काळजी तू घे.

अद्याप ताटावर न बसलेला,
तुझा पाठमोरा नायक,
नंदूमामा