पुकारलेलं बक्षीस

दादा,

यंदाच्या सायकल शर्यतीचं सामान आलं. ढाल साडेआठशे, छातीवर बांधायचे कापडी नंबर सहाशे, फक्कीची गोणी दीडशे, केळी आणि ग्लुकोज मिळून बाराशे. अँब्युलन्सवाला देवाचं काम म्हणून फुकट येतो म्हणाला होता, आल्यावर डिझेलचे दीड हजार मागितले. बक्षिसांचे अकरा हजार वेगळेच. तुम्ही सुरू केलेली शर्यत तुमच्या मागं मी इतकी वर्षं ओढली, पण यंदा हातात चार हजारही नव्हते.

गावाची रीत तीच आहे. महाशिवरात्रीला देवळापुढं माईकवर आपलं नाव आणि बक्षिसाचा आकडा पुकारायचा, टाळ्या घ्यायच्या, आणि मग वर्षभर मला दारात उभं करायचं. तुम्ही गेल्यावर पहिल्याच वर्षी एकाने मला ओट्यावर बसवलं, चहा पाजला आणि म्हणाला, "आक्का, पुकारलं म्हंजी देवाला पावलं."

म्हणून यंदा उपवासाच्या पोटी मीच माईक हातात घेतला. सायकलवाले फक्कीच्या रेघेवर उभे. म्हटलं, जुनी बाकी आल्याशिवाय शिट्टी वाजणार नाही, आणि बाकीची वही उघडून नावं वाचायला लागले. आधी लोक हसले. आपलं नाव आलं की हसू थांबायचं. सरपंचांनी तर शेजाऱ्याकडून उसने घेऊन माझ्यापुढच्या ताटात टाकले. ताट भरत चाललं होतं, तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारा पुढं आला. दिंद्रुडचा, तुमच्या पहिल्या शर्यतीत पहिला आलेला. ते बक्षीस तुम्हीच पुकारलं होतं.

"आक्का, वडलांचं नाव कावून वगळलं? माझे पाचशे एक अजून यायचे हायत."

मागं कुणीतरी खिदळलं. नुकतीच नोट टाकलेल्या एकाने ती परत उचलायला हात पुढं केला.

मला तो दिवस दिसतो. हा माणूस, तेव्हा तरणा, आपल्या दुकानाच्या पायरीखाली उभा आहे, गुडघा सोललेला. तुम्ही तराजू थांबवत नाही. "पायडल मारल्याची मजुरी मागतो व्हय देवाला?" म्हणता, गिऱ्हाइकं हसतात. तो गेल्यावर मला म्हणता, "दिले म्हणून लिही." मी नुकतीच मॅट्रिक झालेली, अक्षर चांगलं. मी लिहिते.

तेच पान काढून मी माईकवर वाचलं. पाचशे एक, रोख दिले. म्हटलं, "काका, देवळापुढं खोटं बोलू नका." मग लोकांनी त्याला सोडलं नाही. पाचशे रुपल्लीसाठी म्हातारपणी लाज विकली म्हणाले, कुणी टोपी उडवली. त्याने ती उचलली, झटकली, पिंडीकडं बघून हात जोडले आणि दिंद्रुडच्या वाटेला पायी लागला. सगळ्यांनी पैसे टाकले. मी शिट्टी वाजवली. शर्यत लई झकास झाली, दादा. लोकांनी तुमच्या फोटोला हार घातला.

खर्च जाऊन अडीच हजार उरलेत. त्यातले त्याचे कुणाच्या हाती धाडता आले असते. पण ते त्याला पोचले की गावात कळणार, मी खोटी ठरणार, आणि पुढच्या वर्षी ताटात कुणी रुपया टाकणार नाही. शर्यत संपेल. म्हणून धाडले नाहीत, धाडणारही नाही. हे पत्रसुद्धा टाकणार नाही, पत्ता काय लिहू. खरं सांगते, ते पान वाचताना माझा आवाज एकदाही कापला नाही. मला लिहायला सांगताना तुमचा कापला होता का, तेवढं उलट टपाली कळवा.